तिवईचा तिसरा पाय

पुतण्याचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. त्याच्या गाईडमध्ये हाँगकाँगवर जेमतेम पाच ओळी आहेत. चीन आणि ब्रिटन यांच्यात करार झाला, सत्तांतर शांततेत पार पडलं, वाटाघाटींनी प्रश्न सोडवण्याचं हे आदर्श उदाहरण आहे, वगैरे. त्याने मला विचारलं, "आजी, मग गोव्याचं असं का नाही झालं?" प्रश्न चांगला आहे. इतकी वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे असा प्रश्न कुणी विचारला की मला दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. त्याला दिलेलं उत्तर त्याच्या परीक्षेच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. मंडळी, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा!

आधी हाँगकाँगची कुंडली थोडक्यात. हाँगकाँग बेट १८४२ साली अफूच्या युद्धानंतर ब्रिटिशांनी कायमचं घेतलं. समोरचा कौलून १८६० साली घेतला, तोही कायमचा. पण १८९८ साली त्यामागचा मोठा मुलूख, न्यू टेरिटरीज, घेतला तो ९९ वर्षांच्या पट्ट्याने. एकूण जमिनीतला फार मोठा भाग हाच. म्हणजे घराचा उंबरठा मालकीचा आणि बाकी घर भाड्याचं! पट्टा ३० जून १९९७ ला संपणार होता. उरलेलं बेट ब्रिटिशांनी धरून ठेवायचं म्हटलं तरी जमणारं नव्हतं. पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटासुद्धा चीनमधून येत होता.

गंमत म्हणजे हा विषय सुरू झाला तो गृहकर्जावरून. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बँकांना आणि बिल्डरांना प्रश्न पडू लागला, की १९९७ पलीकडे जाणाऱ्या कर्जाला तारण काय? म्हणून १९७९ च्या मार्चमध्ये गव्हर्नर मॅक्लेहोज बीजिंगला गेले आणि त्यांनी डेंग शियाओपिंग यांच्यापुढे पट्ट्याचा विषय काढला. डेंग यांनी गुंतवणूकदारांना निर्धास्त राहायला सांगितलं, पण हाँगकाँग आमचं आहे आणि आम्ही ते परत घेणार, हेही सांगितलं. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये थॅचरबाई स्वतः गेल्या. फॉकलंडची लढाई नुकतीच जिंकलेली, त्यामुळे आवेशात होत्या. डेंगपुढे तो चालला नाही. बाहेर पडताना त्या पायरीवरून घसरल्या आणि ते दृश्य हाँगकाँगच्या लोकांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलं.

नंतर १९८३ च्या जुलैपासून १९८४ च्या सप्टेंबरपर्यंत बोलण्यांच्या बावीस फेऱ्या झाल्या आणि १९ डिसेंबर १९८४ ला बीजिंगमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. चीनतर्फे झाओ झियांग, ब्रिटनतर्फे थॅचर. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग चीनला मिळेल, पण तिथली भांडवलशाही, न्यायालयं, जगण्याची रीत पन्नास वर्षं तशीच राहील, असा त्याचा सारांश. १९ डिसेंबर! आमच्या कोकणपट्टीत ही तारीख सांगावी लागत नाही. पण ती गोष्ट पुढे.

आता ज्याबद्दल गाईडात एक शब्द नाही, त्याबद्दल. सह्या १९८४ ला झाल्या आणि हस्तांतरण १९९७ ला व्हायचं होतं. मधली तेरा वर्षं काय केलं? या जाहीरनाम्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात एका 'संयुक्त संपर्क गटा'ची तरतूद आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच. दोन्ही बाजूंनी राजदूताच्या दर्जाचा एकेक प्रमुख, चार-चार सदस्य आणि प्रत्येकी वीसपर्यंत मदतनीस. बीजिंग, लंडन आणि हाँगकाँग या तिन्ही ठिकाणी वर्षातून एकदा तरी बैठक झालीच पाहिजे. १ जुलै १९८८ पासून गटाचं मुख्य ठाणं हाँगकाँगमध्ये. कामकाज गुप्त. आणि एक कलम अगदी ठळक, की हा गट संपर्काचा आहे, सत्तेचा नाही. हाँगकाँगच्या कारभारात त्याने लुडबुड करायची नाही.

या गटाने काय काय निस्तरलं ते वाचलं की थक्क व्हायला होतं. एखाद्या प्रदेशाचा मालक बदलतो तेव्हा झेंडा बदलणं हे सगळ्यात सोपं काम असतं. उदाहरणार्थ विमानं. हाँगकाँगला येणारी-जाणारी विमानं ब्रिटनने इतर देशांशी केलेल्या करारांवर उडत होती. ब्रिटन गेलं की ते करार गेले, मग १ जुलैच्या सकाळी विमान उतरणार कोणत्या कागदावर? म्हणून हाँगकाँगच्या नावाने वेगळे करार करायचे आणि त्यातल्या प्रत्येकाला या गटात चीनची संमती घ्यायची. दोनशेच्या वर आंतरराष्ट्रीय करार हाँगकाँगला लागू होते. त्यातले कोणते चालू राहणार, हे ठरवून दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांना कळवलं. कायदे सगळे इंग्रजीत होते, ते चिनीत आणले. कित्येक कायदे मुळात लंडनच्या पार्लमेंटचे होते, त्यांच्या जागी स्थानिक कायदे करायचे. सरकारी नोकरांची पेन्शन कोण देणार? (हा मुद्दा वाचून मी जरा सावरून बसले. पेन्शनरच पेन्शनरचं दुःख जाणतो!) जाहीरनाम्यातच लिहिलेलं आहे, की आधी निवृत्त झालेल्यांनाही नवं सरकार पूर्वीच्यापेक्षा कमी नाही अशीच पेन्शन देईल, मग ते कुठेही राहोत.

जमिनीसाठी तिसरं परिशिष्ट आणि वेगळं मंडळ. ब्रिटिश जाता जाता सगळी जमीन विकून पैसे घेऊन जातील, ही चीनला धास्ती. म्हणून वर्षाला पन्नास हेक्टरपेक्षा जास्त नवी जमीन पट्ट्याने द्यायची नाही, आणि आलेले पैसे चालू सरकार आणि भावी सरकार यांच्यात निम्मेनिम्मे. एकत्र कुटुंबात वाटणीआधी नारळ-सुपारीचं उत्पन्न कसं वाटायचं, यावरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. इथे दोन सरकारांनी ते दोन पानांत मिटवलं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नका. १९८९ साली तिआनानमेन चौकात जे घडलं, त्यानंतर हाँगकाँगमधली माणसं हादरली. लाखोंनी रस्त्यावर उतरली. धीर द्यायला म्हणून ब्रिटिश सरकारने मोठ्या नव्या विमानतळाची घोषणा केली. चीनला वाटलं, हे तिजोरी रिकामी करून जाणार. दोन वर्षं घोळ चालला. शेवटी १९९१ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांना बीजिंगला जाऊन समझोत्यावर सही करावी लागली. १९९७ ला निघताना तिजोरीत निदान २५ अब्ज हाँगकाँग डॉलर शिल्लक ठेवू, असं त्यात मान्य केलं. प्रत्यक्षात शिल्लक त्याहून कितीतरी जास्त राहिली, आणि तो विमानतळ ब्रिटिश गेल्यावर १९९८ च्या जुलैमध्ये सुरू झाला.

मग १९९२ ला आले ख्रिस पॅटन. मुत्सद्दी नव्हेत, निवडणुकीतले राजकारणी. त्यांनी विधिमंडळाच्या निवडणुकीत जास्तीत जास्त लोकांना मत मिळेल अशी योजना मांडली. चीन म्हणाला, हे आमच्याशी ठरलेलं नाही. १९९३ मध्ये सतरा फेऱ्या झाल्या, निष्पन्न शून्य. तेव्हा चीनने जो शब्दप्रयोग वापरला तो आपल्याला भाषांतर न करता कळतो. आम्ही वेगळी चूल मांडतो, असं ते म्हणाले! चिनी भाषेतही हा वाक्प्रचार चुलीचाच आहे. आणि खरंच मांडली. १९९५ साली निवडून आलेलं विधिमंडळ हाँगकाँगमध्ये बसत होतं, तेव्हा चीनच्या पसंतीचं हंगामी विधिमंडळ १९९७ च्या जानेवारीपासून हद्दीपलीकडे शेनझेनमध्ये बसू लागलं. ३० जूनच्या मध्यरात्री पहिलं बरखास्त झालं आणि दुसरं आत आलं.

पण त्या भांडणाच्या काळातही संपर्क गटाचं काम थांबलं नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. १९९४ च्या जूनअखेर पॅटनची योजना विधिमंडळात मंजूर झाली, चीन संतापलेला होता, आणि त्याच सुमारास लष्करी जागांचा करार झाला. ३९ जागांपैकी १४ चिनी सैन्याला, बाकीच्या २५ शहराला मोकळ्या, आणि स्टोनकटर्स बेटावर नवा नाविक तळ ब्रिटिशांनी बांधून द्यायचा. १९९५ च्या जूनमध्ये अंतिम अपील न्यायालयावर तोडगा निघाला. वर्तमानपत्रांत शिव्या, आणि आत टेबलाशी कुणीतरी नकाशे उलगडून शांतपणे मोजमाप करतंय. दोन भाऊ बोलत नाहीत, पण त्यांचे कारकून पाणंदीची हद्द आखून घेतात, तसलाच प्रकार.

या कारकुनी कामाला आपल्याकडे कुणी मान देत नाही. इतिहासाच्या पुस्तकात सही करणाऱ्यांचे फोटो असतात. १ जुलै १९९७ च्या सकाळी साठ लाखांच्या वर लोकवस्तीच्या शहरात नळाला पाणी आलं, बँका-कचेऱ्यांचे व्यवहार पुढे चालू राहिले, न्यायालयातले खटले जिथे होते तिथून पुढे गेले, याचं श्रेय त्या नाव नसलेल्या माणसांना आहे. फाळणी आठवा. माउंटबॅटन यांनी १९४७ च्या ३ जूनला योजना जाहीर केली आणि अडीच महिन्यांत सगळं उरकलं. रॅडक्लिफना हद्द आखायला पाच आठवडे मिळाले, आणि ती हद्द स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी जाहीर झाली. आपल्याकडे ज्यांना पाच आठवडे लागले, त्यांनाच हाँगकाँगला तेरा वर्षं मिळाली. त्यामुळे संपर्क गटाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

माझं म्हणणं पुढे सुरू होतं.

बोलणी चालू असताना हाँगकाँगचे गव्हर्नर एडवर्ड यूड म्हणाले, की मी हाँगकाँगच्या लोकांचा प्रतिनिधी म्हणून तिथे बसणार. चीनने ताबडतोब सुनावलं, की तुम्ही ब्रिटिश शिष्टमंडळाचे एक सदस्य आहात, बाकी काही नाही. हाँगकाँगला तिसरा पक्ष म्हणून जागा देण्याला चीनने नाव ठेवलं होतं, तीन पायांचं स्टूल. तसलं स्टूल आम्हाला नको! आपल्याकडे त्याला तिवई म्हणतात. मला या उपमेचंच नवल वाटतं. तीन पायांवर वस्तू नीट उभी राहते, अंगणातल्या उंचसखल जमिनीवरसुद्धा डुगडुगत नाही. दोन पायांचं स्टूल कुणी पाहिलंय का?

मसुदा तयार झाल्यावर १९८४ मध्ये हाँगकाँगच्या लोकांची मतं गोळा करायला एक कार्यालय उघडलं होतं, हे खरं आहे. पण मसुद्यात बदल होणार नाही हेही सांगितलेलं होतं. हा करार, नाहीतर करारच नाही. याला विचारणं म्हणायचं की कळवणं? पुढे चीनने मूलभूत कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली, तिच्या ५९ सदस्यांत २३ हाँगकाँगचे होते. तेही नेमलेलेच. त्यांतल्या मार्टिन ली आणि सेतो वा यांनी तिआनानमेनचा निषेध केल्यावर त्यांना त्यात जागा राहिली नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. वचन पन्नास वर्षांचं, म्हणजे २०४७ पर्यंतचं. आणि त्यावर बोलायला जो एकच कायमचा गट होता, तो जाहीरनाम्यातच लिहिल्याप्रमाणे १ जानेवारी २००० ला बंद. हस्तांतरणानंतर अवघी अडीच वर्षं! पुढची सत्तेचाळीस वर्षं कोण बघणार? गटात मतभेद झाले तर काय, याचं उत्तर परिशिष्टात आहे, की ते दोन्ही सरकारांकडे जातील आणि त्यांनी आपसात सल्लामसलत करून सोडवावेत. दोन सरकारांचंच पटलं नाही तर? त्याचं उत्तर नाही. लवाद नाही, पंच नाही, न्यायालय नाही. जाहीरनामा १९८५ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांत नोंदवला गेला खरा, पण नोंदणी म्हणजे पंच नव्हे. आपण भाड्याने खोली देतानासुद्धा अकरा महिन्यांच्या करारात वाद कुठल्या कोर्टात जाईल ते लिहितो.

आणि पुढे तेच झालं. २०१४ साली छत्री आंदोलनाच्या वेळी ब्रिटिश खासदारांना पाहणीसाठी हाँगकाँगला जायचं होतं, चीनने येऊ दिलं नाही. २०१७ च्या ३० जूनला चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने सांगितलं, की हा जाहीरनामा आता इतिहासातला कागद आहे, त्याला प्रत्यक्षात काही अर्थ उरलेला नाही. २०२० च्या ३० जूनला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, तोही थेट बीजिंगहून. २०२१ ला 'ॲपल डेली' बंद पडलं, निवडणुकीचे नियम बदलले. ब्रिटनने त्या वर्षी जाहीर केलं, की चीन सातत्याने करार मोडत आहे. बरं मग? दर सहा महिन्यांनी ब्रिटिश सरकार आपल्या पार्लमेंटला हाँगकाँगबद्दल अहवाल देतं, आणि चीन त्याला अंतर्गत कारभारातली ढवळाढवळ म्हणतं. बोलायचं तर टेबलच नाही. अंतिम अपील न्यायालय, जे इतक्या घासाघिशीने उभं राहिलं, त्यातून २०२२ नंतर काही ब्रिटिश न्यायमूर्ती राजीनामा देऊन निघून गेले.

कुणी म्हणेल, गट असता तरी चीनने ऐकलं असतं कशावरून? नसतंही ऐकलं. चीनची ताकद १९८४ ची राहिली नव्हती. पण दर चार महिन्यांनी समोरासमोर बसून उत्तर द्यावं लागणं आणि प्रवक्त्याने एका वाक्यात झटकून टाकणं, यात फरक आहे. वर्गात गृहपाठ तपासला जाणार हे माहीत असलं की निम्मी मुलं तरी करून आणतात.

जमिनीचं बघा. कित्येक पट्टे २०४७ ला संपणार, ही तीच जुनी १९७९ ची गृहकर्जाची काळजी नव्या तारखेने परत आली. तर २०२४ साली हाँगकाँगने कायदा करून ठेवला, की मुदत संपणारे बहुतेक पट्टे पन्नास वर्षांनी आपोआप वाढतील, वेगळं अधिमूल्य न घेता, ठरलेलं वार्षिक भाडं भरून. तेवीस वर्षं आधी! जमिनीची काळजी किती वेळेवर घेता येते, ते यावरून कळतं.

तिसऱ्या पायाचं आणखी एक उदाहरण सांगते, कारण त्यात आपली माणसं आहेत. हाँगकाँगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय वंशाचे लोक होते. सिंधी व्यापारी, शीख पोलीस, पारशी. तिथल्या विद्यापीठाची मुख्य इमारत ज्यांच्या देणगीतून उभी राहिली, ते होर्मसजी मोदी मूळचे आपल्या मुंबईचे. स्टार फेरीची सुरुवातही एका पारशी गृहस्थानेच केलेली. आता १९८४ च्या कागदपत्रांत चीन म्हणाला, वंशाने चिनी असलेले ते आमचे नागरिक. ब्रिटन म्हणालं, हाँगकाँगमधल्या आमच्या प्रजाजनांना आम्ही 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज' नावाचा पासपोर्ट देऊ, पण त्याने ब्रिटनमध्ये राहता येणार नाही. मग जो वंशाने चिनी नाही आणि ज्याच्याकडे भारताचंही नागरिकत्व नाही, तो कुठला? दोन्ही सरकारांनी आपापली कलमं निर्दोष लिहिली, आणि हे काही हजार लोक त्या दोन कागदांच्या मधल्या फटीत पडले. तेरा वर्षं त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. ब्रिटिश सरकार १९९७ च्या फेब्रुवारीत नमलं, मार्चमध्ये कायदा झाला, आणि त्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करता येऊ लागला. हस्तांतरणाला तेव्हा साडेतीन महिने उरले होते. टेबलाशी त्यांचं एक माणूस असतं, तर ही फट पहिल्याच वर्षी दिसली असती.

आता गोवा. पुतण्याच्या मुलाचा प्रश्न असा, की वाटाघाटी का नाही झाल्या? उत्तर सोपं आहे. टाळी एका हाताने वाजत नाही. १९५० च्या फेब्रुवारीत भारताने पोर्तुगालला बोलणी करूया असं रीतसर कळवलं होतं. सालाझारचं उत्तर होतं, की यात बोलण्यासारखं काही नाही. १९५१ साली त्याने घटनाच बदलली आणि वसाहतींना 'समुद्रापलीकडचे प्रांत' असं नाव दिलं. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच भाग, मग तो देणार कसा? १९५३ ला आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. आमच्या बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला स्मारक आहे, पाहिलं नसेल तर जरूर पाहा. १९६१ च्या डिसेंबरात सैन्य गेलं आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. मी पाचवीत होते. सावंतवाडीत रेडिओभोवती इतकी गर्दी, की आम्हा पोरांना नुसत्या मोठ्यांच्या पाठी दिसत होत्या.

आणि हाच पोर्तुगाल मकावच्या बाबतीत बघा! १९७४ ला तिथे क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि नवं सरकार वसाहती सोडायला निघालं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरिश यांची सही, भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांची. चीनशी १९७९ ला संबंध जुळले तेव्हाच मकाव हा चीनचा प्रदेश आहे, आमचा नुसता कारभार आहे, हे पोर्तुगालने मान्य करून टाकलं. १९८६-८७ मध्ये अवघ्या चार फेऱ्या, १३ एप्रिल १९८७ ला सह्या, तसाच एक संपर्क गट, आणि १९९९ साली १९ डिसेंबरची मध्यरात्र उलटताना हस्तांतरण. परत तीच तारीख! मकावच्या कित्येक लोकांकडे पोर्तुगालचं पूर्ण नागरिकत्व होतं आणि पोर्तुगालने ते काढून घेतलं नाही. या एका बाबतीत गरीब पोर्तुगाल श्रीमंत ब्रिटनपेक्षा मोठ्या मनाचा निघाला. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या कुटुंबांना आजही तो पासपोर्ट मिळतो, हे आपण सगळे बघतोच.

तर मग हाँगकाँग आणि मकाव कागदाने गेले म्हणून आदर्श, आणि गोवा सैन्याने आला म्हणून कमी प्रतीचा, असं मानायचं का? मला नाही पटत. गोव्याच्या हस्तांतरणाला संपर्क गट नव्हता, परिशिष्टं नव्हती, तेरा वर्षं नव्हती. पण दोन वर्षांत, १९६३ च्या डिसेंबरात, तिथे निवडणूक झाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. आणि १६ जानेवारी १९६७ ला लोकांना सरळ विचारलं गेलं, की महाराष्ट्रात यायचं की वेगळं केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. भारतात राहायचं की नाही हे विचारलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे, आणि तो आक्षेप कुणी घेतला तर मी तो खोडून काढणार नाही. पण आपलं घर कसं चालवायचं, हे तरी त्यांचं त्यांनी ठरवलं. पाँडिचेरीलाही फ्रान्सशी बोलणी चालू असताना १९५४ च्या ऑक्टोबरात कीळूर गावी लोकांच्या १७८ प्रतिनिधींनी मतदान केलं, १७० भारताच्या बाजूने, ८ विरुद्ध, आणि मग कारभार हातात आला. दोन सरकारांचं सहकार्य आणि तिसरा पाय, दोन्ही तिथे होतं. गाईडात आदर्श उदाहरण छापायचंच असेल तर हे छापा ना!

आमच्या घरात १९६७ चा निकाल ऐकून सुतक पडल्यासारखं झालं होतं. वडील दोन दिवस धड जेवले नाहीत. गोवा महाराष्ट्रात येणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. माझी मावशी पेडण्याला दिलेली. पुढे सुट्टीत ती माहेरी आली तेव्हा वडिलांनी तिला विचारलं, की तू मत कशाला दिलंस? तर ती नुसती हसली आणि भाकरी थापत राहिली. फूल की दोन पानं, ते तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात त्या दिवशी मतदान केलेलं माणूस अजून असेल, तर त्यांच्याकडून त्या दिवसाची हकिकत ऐकून जरूर कळवा. रांगा किती होत्या, कोण कुणाबरोबर गेलं, बायका गेल्या का, असलं बारीकसारीक. मत कशाला दिलं ते विचारू नका.